गोमा पुन्हा पाहायचंय, पण सीमेच्या अलीकडूनच: निवृत्त शांतिसैनिक आणि त्यांच्या पत्नीच्या प्रवासाबद्दल

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न सावकाश दोनदा वाचला. तुमचे यजमान २००८-०९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोतल्या गोमा शहराजवळ होते. आता ते ६३ वर्षांचे आहेत आणि तुम्ही ५९. त्यांना त्यांचा तळ, तो धुमसता डोंगर आणि किवूचं तळं तुम्हाला दाखवायचंय, तुम्हाला गोरिला पाहायचेत, आणि मुलं म्हणतात की युद्ध चाललेल्या ठिकाणी कुणी फिरायला जातं का. जावं का, आणि जायचं तर कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी सतरा वर्षं रवांडा आणि युगांडात मराठी मंडळींना घेऊन फिरतो. जुन्या मिशनच्या ओढीने आलेली पाच जोडपी आजवर माझ्याबरोबर होती. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो: गोमात आत्ता जाऊ नका, रवांडात नक्की जा. तुमच्या यजमानांना जे दाखवायचंय त्यातलं बरंचसं सीमेच्या अलीकडून दिसतं.

मुलांची भीती खोटी नाही. २०२५च्या जानेवारीअखेर एम-२३ या बंडखोर गटाने गोमा घेतलं, फेब्रुवारीत बुकावूही घेतलं. गोमाचा विमानतळ तेव्हा बंद पडला. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनला काँगो आणि रवांडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला खरा, पण त्याच्या भरवशावर मी कुणालाही पलीकडे नेणार नाही. आणखी एक गोष्ट, जी तुमच्या यजमानांना ठाऊक असेल पण मनाला पटायला जड जाईल. ते होते तेव्हा शांतिसेनेच्या निळ्या टोपीला तिथे जेवढा मान होता, तेवढाही पुढे उरला नाही. २०२२च्या जुलैमध्ये मिशनविरोधी निदर्शनांत बुटेंबोला सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान मारले गेले. 'मी इथे शांतिसेनेत होतो' हे वाक्य तिकडे सगळीकडे आनंदाने ऐकलं जाईल असं आता धरून चालता येत नाही.

आता खरा पेच. अशा प्रवासाची आखणी बहुतेक लोक नकाशावर बोट ठेवून करतात: हा तळ, हा रस्ता, हे रुग्णालय. मीही पहिल्या दोन वेळा तसंच केलं आणि दोन्ही वेळा चुकलो. तळ म्हणजे तंबू, कंटेनर, वाळूची पोती आणि काटेरी तार. तुकडी गेली की मागे मोकळं मैदान उरतं, किंवा दुसऱ्याच कुणाचं कुंपण. तिथे माणूस गाडीतून उतरतो, पाच मिनिटं उभा राहतो आणि म्हणतो, 'इथेच होतं बहुतेक.' बायको शेजारी उभी असते, तिला काहीच दिसत नसतं. जे बदललेलं नसतं ते असतं डोंगर, तळं, काळा दगड, पावसाचा वास आणि संध्याकाळचा उजेड. आठवण त्यांनाच चिकटलेली असते. म्हणून मी आता अशा जोडप्यांसाठी आधी निसर्ग ठरवतो आणि जुनी जागा त्यातून शोधतो.

गोमाच्या बाबतीत हे विशेष सोपं आहे, कारण गोमा आणि रवांडातलं रुबावू ही जवळजवळ एकच वस्ती आहे, मधून सीमारेषा गेलेली. रुबावूला तुमचे यजमान गिसेनी म्हणत असतील, ते जुनं नाव. सीमेवरची छोटी चौकी आणि मोठी चौकी त्यांना नक्की आठवत असेल. रुबावूच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की उजव्या हाताला गोमाची घरं तळ्यात उतरलेली दिसतात. उत्तरेला न्यिरागोंगो, ३,४७० मीटर, माथा कापल्यासारखा सपाट.

२०२३ मध्ये एक निवृत्त अधिकारी आणि त्यांच्या पत्नी माझ्याबरोबर होत्या. रुबावूला पोचलो तेव्हा सगळा डोंगर ढगात होता. साहेब काही न बोलता किनाऱ्यावर फिरले, खाली वाकून एक काळा दगड उचलला, तळहातावर वरखाली केला आणि पत्नीच्या हातात दिला. लाव्ह्याचा दगड, बारीक भोकांनी भरलेला, आकाराच्या मानाने अगदी हलका. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'अहो, असाच आपल्या काचेच्या कपाटात आहे की. मी इतकी वर्षं धूळ पुसते त्याची, कधी विचारलंच नाही कुठला ते.' त्यानंतर तासभर साहेब बोलत होते. गोमात घरांच्या भिंती याच दगडाच्या, रस्त्यावरची धूळ काळी, धुतलेला गणवेश वाळत घातला की संध्याकाळपर्यंत करडा. चुकुडूवरून, म्हणजे लाकडी चाकांच्या ढकलगाडीवरून, कोळशाची पोती उतारावरून सुसाट आणणारी पोरं. मी दहा पावलं मागे राहिलो. त्या दिवशी ठरलेलं पुढचं सगळं मी रद्द केलं.

हा डोंगर असा का, हे तुम्हाला आधी माहीत असलं तर त्यांचं बोलणं जास्त कळेल. न्यिरागोंगोच्या लाव्ह्यात सिलिका फार कमी, त्यामुळे तो इतर ज्वालामुखींसारखा घट्ट नसतो, पातळ असतो आणि उतारावरून पाण्यासारखा धावतो. १७ जानेवारी २००२ ला तो थेट गोमा शहरातून तळ्यापर्यंत गेला, विमानतळाच्या धावपट्टीचा उत्तरेकडचा भाग त्याखाली गाडला गेला आणि लाखो माणसं पायी गिसेनीत आली. तुमचे यजमान गेले तेव्हा ते शहर त्याच थिजलेल्या लाव्ह्यावर पुन्हा उभं राहिलेलं होतं. तेव्हा विवरात लाव्ह्याचं तळं होतं आणि रात्री ढगांच्या पोटावर त्याचा लाल उजेड पडायचा. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो आठवतो. मात्र २२ मे २०२१ च्या उद्रेकात ते तळं रिकामं झालं. नंतर अधूनमधून उजेड दिसलाय, पण तो गृहीत धरू नका आणि त्यांनाही आधीच सांगून ठेवा. विवरापर्यंतची चढाई काँगोच्या बाजूने आहे, म्हणजे तीही या वेळी नाही. डोंगर बघायची वेळ पहाटेची, साडेपाच ते सातच्या मधली. दिवसा ढग चढतात. म्हणूनच मी रुबावूला एक रात्र पुरेशी मानत नाही. दोन तरी हव्यात, तीन मिळाल्या तर उत्तम.

पण इथे एक अट आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. २०२५च्या जानेवारीत गोमात लढाई झाली तेव्हा तोफगोळे आणि गोळ्या रुबावूतही पडल्या आणि तिथले नागरिक मारले गेले. म्हणून रुबावूचा मुक्काम ठरवताना रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात किगालीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहा. जरा जरी गडबड वाटली तरी मुक्काम दक्षिणेला करोंगीला हलवा. करोंगी म्हणजे जुनं किबुये. तळं तेच, बेटं जास्त सुंदर, फक्त गोमा दिसणार नाही. प्रवास विम्याची कलमंही वाचा. सरकारने 'जाऊ नका' म्हटलेल्या भागात काही झालं तर बऱ्याच विमा कंपन्या हात वर करतात.

किवूच्या तळ्याबद्दल इंटरनेटवर 'स्फोट होणारं तळं' असं वाचून तुमची मुलं आणखी घाबरतील, म्हणून थोडं सांगतो. हे तळं जवळपास ४८० मीटर खोल आहे आणि तळाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन प्रचंड प्रमाणात विरघळलेले आहेत. वरच्या पाण्याचा दाब त्यांना खाली धरून ठेवतो, बंद सोड्याच्या बाटलीसारखं. खालचं पाणी क्षारांमुळे जड, त्यामुळे थर सहसा मिसळत नाहीत. १९८६ मध्ये कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून असा वायू अचानक बाहेर पडून सुमारे १,७०० माणसं गेली, म्हणून किवूवर शास्त्रज्ञांचं बारीक लक्ष असतं. रवांडा खोलातलं पाणी वर काढून त्यातल्या मिथेनवर वीज करतं, करोंगीजवळचा २६ मेगावॉटचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे. काठावरच्या पर्यटकाला रोजचा धोका यातून नाही. खड्ड्यांत साचणारा कार्बन डायऑक्साइड, ज्याला तिकडे माझुकू म्हणतात, तो मुख्यतः गोमाच्या बाजूला आढळतो. तुमच्या यजमानांना तंबू कुठे ठोकायचा नाही हे त्याच शब्दात सांगितलं गेलं असेल. विचारा त्यांना.

संध्याकाळी साडेपाचला काठावर बसा. तीन-तीन होड्या लांब बांबूंनी एकत्र बांधून कोळी निघतात, पुढे-मागे लांब काठ्या शिंगांसारख्या बाहेर आलेल्या. वल्ह्यांचा ताल धरायला एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात, मधूनच शीळ. अंधार पडला की दिवे लागतात आणि सांबाझा नावाची बोटाएवढी मासळी उजेडाकडे येते. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावर, गोमातही, हाच आवाज ऐकू येतो.

आता गोरिला. तुमचा हा हट्ट मला मनापासून आवडला, पण पैसे आणि गुडघे यांचा विचार आधी करावा लागेल. रवांडाच्या व्होल्कॅनो राष्ट्रीय उद्यानात परदेशी पर्यटकाला एका परवान्याचे १,५०० अमेरिकन डॉलर पडतात, म्हणजे दोघांचे ३,०००. त्यात गोरिलांसमोर मिळतो एक तास. शेजारच्या युगांडात हाच परवाना ८०० डॉलरचा आहे, पण तिकडच्या ब्विंडी जंगलातला चढ बऱ्याचदा जास्त दमवतो आणि किगालीहून गाडीचा प्रवास लांबतो. तुमचं मुख्य काम किवूकाठी आहे, त्यामुळे मी रवांडाच सुचवेन. पैसे फार वाटत असतील तर एकानेच गोरिला पाहून दुसऱ्याने हॉटेलवर थांबायचा मार्ग काही जोडपी काढतात. तो कृपया घेऊ नका. त्याऐवजी दोघांनी मिळून बांबूच्या रानातली सोनेरी माकडं पाहा. तो परवाना १०० डॉलरच्या आसपास आहे, चालणं कमी आहे, आणि ही माकडं विरुंगा पर्वतरांगेबाहेर क्वचितच दिसतात.

गोरिलांच्या दिवशी सकाळी सातला किनिगीला, उद्यानाच्या मुख्यालयाशी, हजर राहायचं. तिथे आठ-आठ जणांचे गट पाडतात. याच वेळी तुमच्या मार्गदर्शकाकरवी स्पष्ट सांगायचं की आमचं वय इतकं, गुडघे असे, जवळचा गट द्या. संकोच करून इथे गप्प बसणारे नंतर चार-चार तास चढत राहतात. तब्येत चांगली असली तरी प्रत्येकी एक हमाल घ्या. तो पिशवी घेतो, चिखलात हात देतो, आणि त्या दिवसाची कमाई त्याच्या घरी जाते. हातमोजे जाडे असू द्या, कारण तिथली खाजकुयलीसारखी झुडपं पातळ कापडातून बोचतात. विजार मोज्यात खोचा. सर्दी-खोकला असेल तर जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपले आजार त्यांना लागतात. हे डोंगरी गोरिला आज सगळे मिळून हजाराच्या थोडेच वर आहेत.

तो तास कसा असतो ते शब्दांत फारसं येत नाही. एकच सांगतो. आधी वास येतो, ओल्या पाल्याचा आणि घामाचा. मग काड्या मोडल्याचा आवाज. आणि मग झाडीतून एक काळा हात बाहेर येतो, नखं अगदी आपल्यासारखी, एका पानाची शीर सोलत बसलेला. पहिली दहा मिनिटं फोटो काढा, नंतर कॅमेरा खाली ठेवा.

गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये करिसिंबी आणि बिसोके या दोन डोंगरांच्या खिंडीत संशोधन तळ उभारला, १९८५च्या डिसेंबरमध्ये तिथेच त्यांचा खून झाला. त्यांच्या कबरीपर्यंतची वाट लांब आणि चिखलाची आहे. तुमच्यासाठी ती नको. किनिगीत त्यांच्या नावाच्या संस्थेचं केंद्र २०२२ पासून आहे, दुपारी तिथे जा. विरुंगाची शिखरं तीन देशांत पसरलीत, आणि त्या संग्रहालयात उभं राहून कळतं की तुमचे यजमान ज्या डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर गस्त घालत होते, तिच्याच पूर्व उतारावर तुम्ही उभ्या आहात.

क्रम असा ठेवा: किगालीत दोन रात्री, गोरिलांच्या उद्यानाजवळच्या मुसांझेला तीन, रुबावूला किंवा करोंगीला तीन, परत किगाली एक. किगाली ते मुसांझे साधारण अडीच तास, तिथून रुबावू दीड तासाच्या आत. आणखी एखादं अभयारण्य कोंबायचा मोह होईल, तो टाळा. किगालीतलं गिसोझीचं स्मारक, जिथे १९९४च्या वंशसंहारात मारल्या गेलेल्या अडीच लाखांहून अधिक माणसांना पुरलंय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी करा. गोमाची गोष्ट इथूनच सुरू होते. जुलै १९९४ मध्ये काही दिवसांत लाखो निर्वासित सीमा ओलांडून गोमात शिरले, त्यांच्यात हत्यारं घेतलेले मारेकरीही होते, आणि पूर्व काँगोतल्या पुढच्या बऱ्याच लढायांची मुळं तिथे आहेत. २००८च्या ऑक्टोबरअखेर बंडखोर नेता लॉराँ नकुंडाची फौज गोमाच्या वेशीवर येऊन थांबली, तेव्हा तुमचे यजमान तिथे असतील. त्या दिवसांबद्दल त्यांनी घरी फारसं सांगितलं नसेल. स्मारकात त्यांना आत जावंसं वाटलं नाही तर आग्रह करू नका. बाहेर बाग आहे, बसायला बाक आहेत. तुम्ही आत जाऊन या.

माजी सैनिकांसाठी दोन-तीन गोष्टी, ज्या पर्यटन कंपन्या सांगत नाहीत. छापील लष्करी नक्षीचा एकही कपडा, टोपी किंवा पाठपिशवी नेऊ नका. चौकीवर संशय येतो. मिशनच्या काळातले हत्यारांचे, मोर्च्यांचे, रेडिओचे फोटो फोनमधून काढून टाका. माणसांचे आणि डोंगरांचे चार-पाच फोटो कागदावर छापून न्या. ड्रोन नको, सीमेचा फोटो नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्यांचा एखादा जुना दुभाषी किंवा स्वयंपाकी गोमात असेल, अजून फोनवर बोलणं होत असेल, तर 'रुबावूला भेटायला ये' असं सहज म्हणून टाकू नका. शांतिसेनेबरोबर काम केलेल्या माणसाला तिथे आज त्याची किंमत मोजावी लागू शकते. येणं सुरक्षित आहे का ते त्याला ठरवू द्या, आणि तो आलाच तर त्याचा फोटो कुठेही टाकू नका. एकदा माझ्याकडून यात घाई झाली होती. त्या माणसाला परत जाताना चौकीवर चार तास बसवून ठेवलं. मी अलीकडे फोन हातात धरून उभा होतो. ती चार तासांची वाट मी विसरलेलो नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने रवांडाचा ३० दिवसांचा व्हिसा पोचल्यावर शुल्क न घेता मिळतो. निघण्याआधी त्यांच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर रवांडात २००८ पासून बंदी आहे, सामान बांधताना लक्षात असू द्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळा देश श्रमदानाला उतरतो, त्या सकाळी प्रवास ठेवू नका. कोरडे महिने जून ते सप्टेंबरचा मध्य, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे मोठा पाऊस, आणि ७ एप्रिलपासून वंशसंहाराच्या स्मृतीचा आठवडा असतो.

पिवळ्या तापाची लस हा मात्र तुमच्या बाबतीत खरोखर विचाराचा विषय आहे. भारतात परतताना आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून आलेल्यांकडे तिचा दाखला मागतात. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे आलात तरी हा प्रश्न येऊ शकतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणजे यजमानांचा मिशनच्या वेळचा दाखला सापडला तर त्यांना पुन्हा टोचायची गरज नाही. ६० वर्षांनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर त्रासाची शक्यता वाढते. तुम्ही ५९च्या आहात, म्हणून डॉक्टरांना लवकर विचारा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

एक गोष्ट कळवा. त्यांचा तळ नेमका कुठे होता? गोमा शहर किंवा साके असेल तर वर सांगितलेला बेत जसाच्या तसा चालेल. साके रुबावूहून दिसत नाही, पण तळ्यापलीकडचे मासिसीच्या दिशेचे डोंगर दिसतात आणि ते बोट दाखवून सांगू शकतील. रुत्शुरू किंवा बुनागानाकडे असेल तर बेत बदलावा लागेल. मग मी तुम्हाला युगांडातल्या किसोरोला नेईन. तिथून विरुंगाची दुसरी बाजू समोर येते, आणि मुहाबुराचं शिखर त्यांना त्यांच्या ओळखीच्या अंगाने दिसेल.